प्रभूशी अबोला

आमच्या घरमालकीणबाईंच्या घरात माणसं किती, हे मला तिथं भाड्यानं राहायला गेल्यावर बरेच दिवस कळलं नव्हतं. दिसायच्या त्या एकट्याच. पण सकाळी दूध तापायला ठेवल्यापासून खाली जे बोलणं सुरू व्हायचं, ते झोपेपर्यंत. "आज भोपळा करू का रे? नको? बरं, मग गिलकी करते." मधे जरा शांतता. "हो हो, मीठ कमीच घालते, बीपीचं माहीत आहे मला." वरच्या खोलीत दाढी करता करता हे ऐकून मी ठरवून टाकलं होतं की मालक अंथरुणाला खिळलेले असणार. एकदा नळावर भेटल्या तेव्हा माणुसकी म्हणून विचारलं, "काकांची तब्येत कशी आहे आता?"

"काका जाऊन खूप वर्षं झाली," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या. आतून लगेच आवाज आला, "वरचा पोरगा भला आहे रे, पण जरा येडपट वाटतो."

एका मिशन हॉस्पिटलातून त्या नर्स म्हणून रिटायर झाल्या होत्या. शरणपूर रोडच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं बैठं घर होतं आणि त्याच्या डोक्यावर नंतर चढवलेली माझी खोली. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या ख्रिस्ती; मी कळवणकडच्या शेतकरी घरातला, सातपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅचला लागलेला. देव सगळीकडे असतो, हे आमच्याकडेही म्हणतात. पण आपण ते म्हणतो आणि कामाला लागतो. सिस्टरांनी ते अगदी जसंच्या तसं धरलं होतं. प्रभू सगळीकडे आहे म्हणजे ओट्यापाशीही आहे, आणि ओट्यापाशी कुणी उभं असताना त्याच्याशी एक शब्द न बोलणं हा त्यांच्या मते निव्वळ उद्धटपणा होता.

मी एकदा विचारलं, "मग त्यांच्यासाठी एखादी खुर्ची वगैरे ठेवत नाही तुम्ही?"

"खुर्ची पाहुण्याला देतात. हा काय पाहुणा आहे?"

"आणि अंघोळीच्या वेळी?" हे मी विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"अरे, घडवलं कुणी? त्यानंच ना? मी साधी नर्स, मला कुणाच्या अंगाचं काही वाटलं नाही कधी. त्याला काय वाटणार!"

कुकर लावला की शिट्ट्या मोजायचं काम प्रभूकडे असायचं. सिस्टर तेवढ्या वेळात टीव्हीवरची मालिका बघायच्या आणि मालिकेतली सासू काही बोलली की तीही त्याला समजावून सांगायच्या. मग अचानक उठायच्या. "किती झाल्या रे?" डाळीचा पार लगदा झालेला असायचा. "तू इथंच होतास ना? सांगायचं नाही? मोठा सर्वज्ञानी!" एवढं बोलून त्या लगद्याला फोडणी द्यायच्या आणि वाटीभर मलाही आणून द्यायच्या. प्रभूच्या दुर्लक्षाची ती डाळ मी तिथं असताना किती खाल्ली, त्याला सुमार नाही.

भाजीवाला दारात आला की त्याने भाव सांगायचा, सिस्टरनी "थांब हं, विचारते" म्हणायचं आणि मान जराशी कलती करून उभं राहायचं. "जास्त सांगतोयस म्हणतो." सुरुवातीला तो बिचारा चक्रावायचा. नंतर तोही तयार झाला. सिस्टरांकडे न बघता त्यांच्या खांद्यावरून मागं बघत म्हणायचा, "देवा, तुम्हीच सांगा त्यांना, सिन्नरकडून माल येतो, गाडीभाडं किती वाढलंय!" मग सिस्टर पुन्हा मान कलती करायच्या. कधी कधी निकाल भाजीवाल्याच्या बाजूनं लागायचा आणि सिस्टर चरफडत पिशवी पुढं करायच्या. निकाल फिरवायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

चहाड्यांचं मात्र अवघड होऊन बसलं होतं. शेजारच्या बाईंनी काही खमंग विषय काढला की सिस्टरांचे डोळे चमकायचे, पण त्या जीभ चावायच्या. "नको गं, हा ऐकतोय." दोन घोट चहा पिऊन व्हायचा. "पण ह्याला तर सगळं आधीच माहीत आहे. मग बोलायला काय हरकत?" आणि मग जे काही सुरू व्हायचं, ते जिन्यात बसून ऐकायला मला फार आवडायचं.

त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब एकदा जेवायला आले होते. जेवणाआधी त्यांनी डोळे मिटून भली मोठी प्रार्थना केली. सिस्टर डोळे उघडे ठेवून त्यांच्या पानात पोळी वाढत होत्या. पाळकसाहेब नंतर हळूच म्हणाले, "सिस्टर, प्रार्थनेत सामील नाही झालात?" त्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, पोळ्या लाटताना सगळं बोलणं झालं आमचं. तुम्ही बोला निवांत, तुमची गाठ रविवारचीच असते." पाळकसाहेब भले गृहस्थ. ते हसले आणि पोळी खाऊ लागले.

माझी आई गावाहून चार दिवस राहायला आली, तेव्हा हे सगळं तिला कसं सांगावं, याचं मला मोठं टेन्शन होतं. पहिल्याच सकाळी ती जिन्यात कान देऊन उभी. मला म्हणाली, "ही बाई कोनसंगे बोली ऱ्हायनी रे?" मी म्हटलं, देवाशी. आईनं "आस्सं" म्हणून मान हलवली आणि भाकरीच्या पिठाचा डबा घेऊन खाली गेली. मी मागोमाग गेलो, तर आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबली होती आणि डोक्यावरून पदर घेत होती. मग ती आत गेली. चारही दिवस ती त्या स्वयंपाकघरात पदर घेऊनच वावरली. मी म्हटलं, "आई, हे काय?" तर माझ्यावरच डोळे वटारून म्हणाली, "वडीलधारं मानूस शे ना आत!" सिस्टर त्या पदरावर इतक्या खूश झाल्या की आई जाताना त्यांनी तिला नवीन साडी नेसवली. मला म्हणाल्या, "तुझ्या आईला कळतं. तू कुणावर गेलास?"

असं सगळं सुखात चाललं होतं आणि नाताळ जवळ आला.

नाताळच्या उपासनेत गोठ्याचं एक गीत असायचं आणि ते एकटीनं उभं राहून सिस्टरनी म्हणायचं, हे त्या चर्चमध्ये किती वर्षांपासून चालत आलं होतं, ते कुणालाच आठवत नव्हतं. नोव्हेंबर लागला की खाली तयारी सुरू व्हायची. "ही पट्टी ठेवू का रे? की जरा खाली?" खरं सांगायचं तर पट्टी कुठलीही ठेवली तरी वरचे सूर आता लागत नव्हते. आवाज मधेच फाटायचा. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तेवढं कळत होतं.

एका संध्याकाळी चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी आणि आणखी दोघं आले. मी नेमका भाडं द्यायला खाली गेलो होतो, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. सेक्रेटरींनी बराच वेळ हवापाण्याबद्दल बोलून घेतलं आणि मग बशीतल्या बिस्किटाकडे बघत म्हणाले, "सिस्टर, कमिटीच्या मीटिंगमध्ये असं ठरलं की यंदा गोठ्याचं गीत नव्या पिढीला द्यावं. ती बारावीतली मुलगी आहे ना, तिचा आवाज चांगला आहे."

"अगदी योग्य," सिस्टर म्हणाल्या. "घ्या ना अजून बिस्किट." त्यांनी सगळ्यांना हसून निरोप दिला, फाटकापर्यंत गेल्या, कडी लावली आणि आत आल्या.

आणि घर गप्प झालं. मी वर जाऊन बसलो. भांड्यांचा आवाज येत होता, कुकर वाजत होता, पण बोलणं नाही. मला करमेना. रेडिओ चालू असतो तेव्हा आपलं लक्ष नसतं, बंद पडला की कळतं, तसं झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी कारखान्यातून आलो, तर खालून हाक आली.

"अरे, जरा खाली ये. त्यांना सांग, गॅस संपत आलाय."

"कुणाला?"

सिस्टरनी नुसती हनुवटी ओट्याच्या दिशेनं उडवली. मी ओट्याकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कालपर्यंत ज्याला 'अरे' होतं, 'तू' होतं, त्याचं आता 'त्यांना' झालं होतं. माझ्या आईनं वडिलांशी अबोला धरला की असंच व्हायचं. 'ह्यांना सांग जेवायला वाढलंय', आणि वडील पुढ्यात बसलेले.

"सिस्टर, तुम्ही देवाशी अबोला धरलाय?"

"मी नाही धरला. त्यांनी धरलाय. मीटिंग सुरू करताना प्रार्थना करून त्यांनाच आधी बोलावून बसवतात. म्हणजे होते ना तिथं? सगळं ऐकलं ना? एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं? कमिटीला मी काही म्हणत नाही, माणसं आहेत ती. पण हे घरातले!"

"अहो, पण तुम्हीच सांगा ना गॅसचं. मी कसं..."

"मी बोलत नाहीये त्यांच्याशी. तू सांग."

आता देवाला मी काय म्हणून हाक मारू? तू म्हणावं तर ओळख नाही. प्रभू म्हणावं तर मी त्यांच्यातला नाही. शेवटी कारखान्यात मॅनेजरांना म्हणतो, तेच बरं वाटलं. मी घसा खाकरून म्हणालो, "साहेब, सिस्टर म्हणताहेत, गॅस संपत आलाय."

"तिकडं भिंतीकडं काय बघतोस? इथं मिक्सरपाशी आहेत."

मी मिक्सरकडे वळून पुन्हा सांगितलं.

तेव्हापासून ती नोकरीच लागली. सकाळी कंपनीच्या बसला जायच्या आधी एक फेरी, संध्याकाळी एक. "साहेब, सिस्टर म्हणताहेत, गुडघा दुखतोय, पण त्यांना काही नकोय, नुसतं कानावर घालताहेत." "साहेब, सिस्टर विचारताहेत, पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली, कारण त्यांनी तर ठेवली नाही." "साहेब, शेजारच्या बाईंच्या मुलाचं लग्न ठरलंय, आणि सिस्टरांना वाटतं की मुलगी जरा जास्तच उंच आहे." हळूहळू माझी भीड चेपली. डिस्पॅचवाल्याला निरोप पोचवणं काही जड नाही. अडचण वेगळीच होती. प्रत्येक निरोपानंतर सिस्टर, पाठ फिरवलेली तशीच ठेवून, विचारायच्या, "काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"बघ! तोंडाला कुलूप."

दोघांमध्ये समेट व्हावा, असं मला मनापासून वाटू लागलं होतं. सिस्टर वाळत चालल्या होत्या. भाजीवाला आला तर सांगेल त्या भावानं भाजी घ्यायच्या. तोच कानकोंडा होऊन "सिस्टर, विचारून तर घ्या" म्हणायचा. म्हणून एके दिवशी मी धाडस केलं. "काय म्हणाले?" असं त्यांनी विचारताच म्हणालो, "म्हणाले, चुकलं माझं, सिस्टरांना सांग, राग सोडा."

सिस्टर गर्रकन वळल्या. "हे बोलले ते?"

"हो."

"मुळीच नाही. असं बोलत नाहीत ते. पुन्हा त्यांच्या तोंडी काही घालशील तर जागा खाली करून मागेन." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "अरे, इतक्या वर्षांचा आवाज ओळखणार नाही का मी?"

नाताळ अगदी तोंडावर आला. करंज्या झाल्या, चकल्या झाल्या. अंगणात उंच बांबूला कागदाची चांदणी लागली, तीही मीच चढून लावली. त्या दिवशी दुपारी सिस्टर ओट्याशी उभ्या राहून बराच वेळ काहीच करत नव्हत्या. मला म्हणाल्या, "खरं सांग. माझा आवाज गेलाय का?"

"नाही हो सिस्टर, छे," मी म्हणालो.

"तू नको सांगू. त्यांना विचार. माझा आवाज आता त्यांनाच नकोसा झालाय, म्हणून गप्प बसले का त्या मीटिंगमध्ये?"

हा निरोप पोचवताना मला हसू आलं नाही. मी मिक्सरसमोर उभा राहिलो आणि हळू आवाजात विचारलं, "साहेब, सिस्टर विचारताहेत, त्यांचा आवाज तुम्हाला नकोसा झालाय का?" बाहेर कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, तिला किका मारल्याचा आवाज येत होता. मी खूप वेळ थांबलो. खरंच थांबलो, कुणी काही म्हणावं, असं मला त्या क्षणी फार वाटलं.

"काय म्हणाले?"

"काही बोलले नाहीत, सिस्टर."

"बरं," त्या म्हणाल्या आणि करंज्यांच्या डब्याचं झाकण लावू लागल्या. ते नीट बसत नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी वर निघून आलो.

नाताळच्या सकाळी त्या तयार होऊन फाटकाशी उभ्या होत्या. मोतिया रंगाची साडी, केसांत फूल, चेहरा मात्र दवाखान्यात ड्यूटीला निघाल्यासारखा. "वाढदिवस त्यांचा आहे. न जाऊन कसं चालेल? पण मी बोलणार नाही. गर्दीत कुणाला कळायचं नाही. तू चल सोबत, काही सांगायचं झालं तर."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. चर्च गच्च भरलं होतं. जो तो सिस्टरांशी हात मिळवून "सलाम सिस्टर, नाताळच्या शुभेच्छा" म्हणत होता, आणि त्या सगळ्यांशी गोड बोलत होत्या. आम्ही मधल्या बाकावर बसलो. वेदीकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. नवऱ्याशी भांडून लग्नाला आलेली बाई बसते, तशा बसल्या होत्या.

गोठ्याच्या गीताची वेळ आली. बारावीतली ती मुलगी पुढं येऊन उभी राहिली. एवढीशी, सडपातळ. कीबोर्ड सुरू झाला आणि तिनं पहिलं कडवं म्हटलं. आवाज खरंच सुंदर होता, अगदी स्वच्छ. मी चोरून सिस्टरांकडे बघितलं. त्यांचे ओठ मिटलेले होते, पण मान तालावर हलत होती.

पहिलं कडवं संपलं. कीबोर्डवाल्यानं मधला तुकडा वाजवला आणि मुलीनं तोंड उघडलं, पण शब्द येईनात. तुकडा पुन्हा वाजला. तिनं पुन्हा तोंड उघडलं. डोळे भरून आले, ओढणीचं टोक हातात गच्च धरलेलं. तिसऱ्यांदा तुकडा वाजला आणि कीबोर्डवालाही थांबला.

"अरे, सांग ना तिला!"

अख्खं चर्च मागं वळलं. सिस्टर उभ्या राहिल्या होत्या आणि सरळ वेदीकडे बघत होत्या. "बघत काय बसलास? पोरगी रडायला आली तिथं! सांग पुढची ओळ!"

पाळकसाहेब चष्मा सावरत उभे राहिले. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. सिस्टर क्षणभर तशाच थांबल्या, मान जराशी कलती. मी ती मान ओळखत होतो. मग त्यांनी घसा साफ केला आणि बाकाशी उभ्याउभ्याच गायल्या, "मेंढरांच्या उबेपाशी निजला राजा माझा." आवाज फाटला. वरच्या सुरावर तर पार चिरकला. पण शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेले. मुलीचा चेहरा उजळला. तिनं पुढची ओळ धरली आणि सिस्टर तिथंच थांबून खाली बसल्या. सगळं कडवं त्यांना पाठ होतं, म्हणायला कुणी अडवलं नसतं; पण एका ओळीवर त्या थांबल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात दाबला.

परत येताना रिक्षात जे सुरू झालं, ते घर येईपर्यंत थांबलं नाही. महिन्याभराचं सगळं तुंबलेलं होतं. "गॅस संपला तेव्हा कुठं होतास? गुडघ्याचं सांगितलं, त्याचं काय केलंस? आणि ह्या पोराला मधे घालायची वेळ आणलीस माझ्यावर, लाज वाटते का?" रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, आजी कुनावर तापल्यात एवढ्या?" मी म्हटलं, घरातल्यांवर. तो म्हणाला, "मग चालू द्या."

फाटकाशी उतरलो आणि सिस्टर एकदम गप्प झाल्या. मान कलती. बराच वेळ ऐकत राहिल्या. चेहरा आधी रागीट होता, मग नुसता लक्ष देऊन ऐकणारा झाला आणि मग त्या लहान मुलीसारख्या लाजल्या. "चल, काहीतरीच," त्या म्हणाल्या. "मग हे त्या दिवशी विचारलं तेव्हाच सांगायचं होतंस ना!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

माझ्यानं राहवलं नाही. "सिस्टर, काय म्हणाले?"

"तुला कशाला पाहिजे?" त्यांनी करंज्यांची ताटली माझ्या हातात दिली आणि मला जिन्याकडे वळवलं. "जा तू वर. आमचं बोलणं चाललंय."

मी वर आलो. खालून भांड्यांचा आवाज येत होता आणि बोलण्याचा, आणि मधेच हसण्याचा. मी शर्ट काढून खुंटीला लावला, स्टोव्हकडे वळलो आणि सवयीनं घसा खाकरून म्हणालो, "साहेब, सिस्टर म्हणताहेत..." आणि थांबलो. निरोपच नव्हता. आता माझ्याकडे कुणाचाच निरोप येणार नव्हता. मी करंजी हातात धरून तसाच उभा राहिलो. मग म्हणालो, "साहेब, मी वरच आहे. खालचं बोलणं झालं की या."